बटणांची चौकट आणि अंगणातली शाळा

दिवाळी आटोपली की शहरांतल्या शाळाप्रवेशाची गडबड सुरू होते आणि वर्तमानपत्राच्या घडीतून गुळगुळीत कागदावरची माहितीपत्रके घरात येऊ लागतात. त्यांची भाषा आता पाठ झाली आहे. समग्र शिक्षण, भारतीय मुळे, जागतिक क्षितिज, संस्कार आणि कौशल्य यांचा संगम. एका पानावर सूर्यनमस्कार घालणारी मुले, समोरच्या पानावर रोबोट जोडणारी मुले. शुल्काचा आकडा तेवढा कुठे सापडत नाही. त्यासाठी समक्ष भेटावे लागते.

या भाषेची थट्टा करणे सोपे आहे आणि ती पुष्कळांनी केली आहे. माझा प्रश्न थोडा निराळा आहे. भारतीय वारसा आणि जगाकडून आलेला विचार यांचा मेळ शाळेत खरोखर घालायचा झाला तर तो कसा घालतात, आणि त्याची किंमत कोण मोजतो? हा मेळ आपल्याकडे प्रत्यक्षात घातला गेला आहे, तोही मराठी बायकांनी, डहाणू तालुक्यात. त्याची हकिगत नीट वाचली तर एक गोष्ट ध्यानात येते: मेळ घालणे म्हणजे दोन्हींची बेरीज करणे नव्हे. दोन्हींकडून काय टाकायचे हे ठरवावे लागते. माहितीपत्रकांत बेरीज असते, वजाबाकी नसते. मी शिक्षणशास्त्राचा पदवीधर नाही. जुनी मासिके आणि आत्मचरित्रे रद्दीवाल्यांकडून जमवत वाचणारा माणूस आहे. तेव्हा पुढचे विवेचन हे एका वाचकाचे आहे असे समजावे.

कोसबादकडे जाण्याआधी दोन जुन्या प्रयोगांचा उल्लेख करायला हवा, थोडक्यातच. प्रा. विष्णु गोविंद विजापूरकरांचे समर्थ विद्यालय १९०६ साली निघाले आणि १९१० साली सरकारने ते बंद पाडले. राष्ट्रीय शिक्षणाची ती धडपड मनापासूनची होती, पण तिला पुरती चार-पाच वर्षेही मिळाली नाहीत. दुसरा प्रयोग टागोरांचा. १९०१ साली शांतिनिकेतनात त्यांनी शाळा काढली ती प्राचीन तपोवनाच्या कल्पनेवर, ब्रह्मचर्याश्रम या नावाने. तेथे अगदी सुरुवातीलाच असा प्रश्न उभा राहिला की ब्राह्मणेतर शिक्षकाच्या पाया पडून विद्यार्थ्यांनी नमस्कार करावा की नाही. त्या वेळी टागोरांनी रूढीच्या बाजूने कौल दिला. पुढे ते यातून बाहेर पडले आणि १९२१ पर्यंत त्याच जागी विश्वभारती उभी राहिली, जिच्या नावातच जग आहे. मला महत्त्वाची वाटते ती या मधली वीस वर्षे. वारसा म्हणून जे गाठोडे उचलले त्यात जातही बांधलेली आहे, हे टागोरांसारख्या माणसालाही शाळा चालवता चालवताच कळले. गाठोडे सोडून पाहिल्याशिवाय ते कळत नाही.

आता भावनगर. गिजुभाई बधेका हे वकील होते. मुलगा झाल्यावर त्याच्या शिक्षणाची चिंता लागली, कोणीतरी मॉन्टेसरीबाईंचे पुस्तक हातात ठेवले, आणि हा गृहस्थ १९१६ मध्ये वकिली सोडून दक्षिणामूर्ती संस्थेत दाखल झाला. १९२० मध्ये त्यांनी तेथे बालमंदिर सुरू केले. १९२३ मध्ये राजकोटच्या अध्यापिका विद्यालयाचे प्राचार्यपद भूषवलेल्या ताराबाई मोडक त्यांना येऊन मिळाल्या. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ निघाला. 'शिक्षणपत्रिका' गुजरातीत निघत होती. १९३३ पासून ताराबाईंनी ती मराठीतही काढली.

गिजुभाईंना मॉन्टेसरीचे भक्त म्हणण्याची आपल्याकडे पद्धत आहे. ती अर्धीच खरी आहे. मॉन्टेसरीबाईंचा लहान मुलांना परीकथा सांगण्याला विरोध होता. ज्या वयात मूल वास्तव समजून घेण्याची धडपड करते त्या वयात त्याच्यापुढे खोटे जग उभे करू नये, असे त्यांचे म्हणणे. हा विचार उडवून लावण्यासारखा नाही. त्यामागे डॉक्टरी निरीक्षण होते. पण गिजुभाईंनी तो मानला नाही. त्यांनी बालमंदिरात गोष्टीला मध्यभागी बसवले, काठेवाडातल्या लोककथा गोळा केल्या, आणि गोष्ट कशी सांगावी याचे शास्त्र सांगणारे स्वतंत्र पुस्तकही लिहिले. त्यांच्या 'दिवास्वप्न' (१९३२) मधला मास्तर सरकारी शाळेच्या चौथीच्या वर्गात शिरतो आणि मुलांना पहिल्यांदा ताब्यात घेतो तो गोष्टीच्याच बळावर.

त्याच वेळी त्यांनी आपल्या परंपरेतले काय टाकले तेही पाहावे. छडी टाकली, घोकंपट्टी टाकली, गुरूचा धाक टाकला. म्हणजे शाळा म्हणून जी परंपरा चालत आली होती तिचा कणाच काढून घेतला आणि शाळेबाहेरची परंपरा, आजीच्या तोंडची, आत घेतली. गुरुकुल बाहेर आणि आजी आत, असे याचे वर्णन करता येईल. आजच्या वारसावादी शाळांत नेमके उलटे दिसते. श्लोक सभागृहात असतात, आणि आजी फाटकाबाहेर नातवाची वाट पाहत उभी असते.

मॉन्टेसरीबाई भारतात आल्या त्या नोव्हेंबर १९३९ मध्ये, मद्रासच्या अड्यारला, थिऑसॉफिकल सोसायटीच्या निमंत्रणावरून. त्याच वर्षीच्या जूनमध्ये गिजुभाई वारले होते. पाच महिन्यांचे अंतर! या दोघांचे गोष्टींवरून भांडण झाले असते तर ते वाचायला मिळायला हवे होते. पुढे महायुद्धात इटली उतरल्यावर बाई शत्रुराष्ट्राच्या नागरिक ठरल्या आणि त्यांचा येथला मुक्काम लांबला. कोडाईकनालच्या वास्तव्यात मोठ्या मुलांच्या शिक्षणाविषयीच्या त्यांच्या विचारांना आकार आला. अहमदाबादच्या व्याख्यानांतून सिद्ध झालेले त्यांचे बालमनावरचे गाजलेले पुस्तक १९४९ मध्ये मद्रासहून निघाले. म्हणजे ज्याला आपण जागतिक म्हणतो त्याचा बराच भाग येथेच शिजला. जग बाहेर आणि वारसा घरात अशी वाटणी करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवायला हरकत नाही.

यातली सगळ्यात मोठी विसंगती मात्र आणखी मागे जाते. ६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सान लोरेन्झो वस्तीत मॉन्टेसरीबाईंनी पहिले 'मुलांचे घर' उघडले. ती गरिबांची वस्ती होती. आईबाप कामाला जात, मागे मुले चाळीच्या भिंती खराब करत, म्हणून मालकांना त्यांची सोय हवी होती. चाळीतल्या, कामकऱ्यांच्या मुलांसाठी सुरू झालेली ही पद्धत भारतात पोचेपर्यंत बंगल्यांतल्या मुलांची झाली. कारण उघड आहे. तिची साधने महाग होती. मोजूनमापून केलेले लाकडी ठोकळे, दट्ट्या, मनोरे. आणि ती मांडायला स्वतंत्र, स्वच्छ, शांत खोली.

ताराबाईंनी हे मुंबईत अनुभवले. १९३६ मध्ये दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांनी शिशुविहार काढले आणि ते उत्तम चालले. आणि मग १९४५ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या सगळे सोडून बोर्डीला गेल्या. सोबत अनुताई वाघ आल्या, पुण्याच्या हुजूरपागेतल्या शिक्षिका. अनुताईंना बालपणीच वैधव्य आले होते. परंपरेच्या गाठोड्यातले काय टाकायचे हे त्यांना कोणी पुस्तकातून शिकवण्याची गरज नव्हती.

मॉन्टेसरी साधनांत कपड्यांच्या चौकटी असतात. लाकडी चौकटीवर कापडाचे दोन पदर ताणलेले. एकीवर बटणे, एकीवर आकडे, एकीवर नाड्या. मूल त्या पुन्हा पुन्हा लावते-सोडते, बोटांना वळण लागते, स्वतःचे कपडे स्वतः घालता येतात. रोममध्ये हे अगदी योग्य होते. आता ही चौकट लंगोटी लावलेल्या वारली मुलापुढे ठेवून पाहा. त्याच्या अंगावर बटण नाही, घरात कोणाच्याच अंगावर नाही. दुसरीकडे पाणी ओतणे, झाडणे, धान्य निवडणे हे जे 'जीवनव्यवहाराचे' धडे शहरी मुलाला शाळेत मुद्दाम द्यावे लागतात, ते हे मूल पाच वर्षांचे होण्याआधीच पोटासाठी करत असते. एकाच चौकटीने दोन मुलांना मोजले तर एक मूल अडाणी ठरते. दोष मुलात नसतो.

बोर्डी-कोसबादची कामगिरी अशी की तेथे चौकट बाजूला ठेवली आणि तिच्यामागचे तत्त्व जपले. मुलाच्या हाताला काम, डोळ्यांना निवड, चूक स्वतःच सुधारण्याची मोकळीक, हे सगळे मॉन्टेसरीबाईंचे. पण साधने शिंपल्यांची, बियांची, पानाफुलांची, काड्यांची. समुद्र आणि जंगल दोन्ही हाताशी होते. यात काटकसर होती, पण नुसती काटकसर नव्हती. मूल ज्या वस्तूंना आधीच ओळखत होते त्यांनाच ज्ञानाचा दर्जा मिळाला.

त्याहून मोठे पाऊल जागेचे. गरिबांची आणि आदिवासींची मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसले. ती का येत नाहीत, तर कोणी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन बसलेले, कोणी सरपणाला गेलेले. ताराबाईंनी मग शाळाच उचलून त्यांच्या अंगणात नेली. तिला अंगणवाडी हे नाव मिळाले. १९५७ पासून कोसबादच्या टेकडीवर काम सुरू झाल्यावर हीच रीत पुढे गेली. थोरली बहीण शिकायची तर धाकट्याला सांभाळायला कोणी हवे, म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एका छपराखाली. तिचे नाव विकासवाडी. गुरे राखणाऱ्या पोरांसाठी गुरांच्या मागे कुरणात जाणारी कुरणशाळा. समग्र शिक्षण हा शब्द मला या ठिकाणी खरा वाटतो. आज समग्र म्हणजे एकाच मुलाला पोहणे, तबला, बुद्धिबळ आणि परकी भाषा. तेथे समग्र म्हणजे त्या मुलाच्या कडेवरचे मूलही हिशेबात धरणे.

आता अनुताईंच्या 'कोसबादच्या टेकडीवरून' या आत्मचरित्राशेजारी दुसरे एक पुस्तक ठेवून वाचावे अशी माझी वाचकांना विनंती आहे: गोदावरी परुळेकरांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' (१९७०). साहित्य अकादमी पुरस्कारामुळे ते अधिक वाचले गेले. प्रदेश एकच, माणसे तीच, आणि वर्षही एकच. ज्या १९४५ मध्ये ताराबाई बोर्डीला आल्या, त्याच वर्षी मे महिन्यात झरीच्या सभेत वारल्यांनी वेठ करणार नाही असे ठरवले आणि ऑक्टोबरात तलवाड्याला पोलिसांनी गोळीबार केला. गोदावरीबाईंच्या पुस्तकात लग्नाच्या कर्जापोटी जमीनदाराकडे राबणारा लग्नगडी आहे, मारहाण आहे, बिनमोल श्रम आहेत. तोही या मुलांचा वारसाच होता. भारतीय वारसा हा शब्द उच्चारताना आपल्या डोळ्यांपुढे नालंदा येते; लग्नगडी येत नाही.

ही दोन पुस्तके एकमेकींना छेद देतात असे कोणी म्हणेल. मी म्हणेन की त्यांचे प्रश्नच वेगळे आहेत. गोदावरीबाई विचारतात, या माणसाचे श्रम कोणाचे? अनुताई विचारतात, या मुलाचा दिवस कोणाचा? पहिल्या प्रश्नाला लाल बावट्याचे उत्तर आहे, दुसऱ्याला कुरणशाळेचे. पण कोसबादवर टीका करायचीच तर ती येथे करायला हवी. कुरणशाळेने मुलाचे गुरे राखणे गृहीत धरले. श्रमाला धक्का न लावता श्रमाच्या फटीत अक्षरे बसवली. ती गुरे कोणाची आणि त्या राखणीचे मोल काय, हा प्रश्न बालशिक्षणाच्या कक्षेत येत नाही असे मानले गेले, आणि त्यामुळे ताराबाई-अनुताईंचे काम सरकारला आणि समाजाला निर्धोक वाटले. पद्मभूषण मिळाले, पद्मश्री मिळाली. ती योग्यच होती. तरी ही मर्यादा नोंदवल्याशिवाय त्यांचा गौरव करणे म्हणजे त्यांना देव्हाऱ्यात बसवणे होईल.

दुसरी मर्यादा भाषेची. साधने अंगणातली झाली, जागा अंगणातली झाली, पण शिक्षणाचे माध्यम मराठी राहिले. वारली बोली ही मुलांपर्यंत पोचण्याची पायवाट ठरली. पोचायचे गाव पुस्तकी मराठीचेच. ज्या काळात मराठी राज्यासाठी चळवळ चालू होती त्या काळात हे कोणाला खटकले नसेल. आज मराठी शाळा इंग्रजीपुढे हरत असताना आपण मातृभाषेचा आग्रह धरतो, तेव्हा वारली मुलाची मातृभाषा कोणती हे मात्र आपण विचारत नाही.

आता पुन्हा माहितीपत्रकांकडे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात भारतीयत्वाचा अभिमान आणि जागतिक नागरिकत्व ही जोडी आहेच. २०२२ मध्ये आलेल्या पायाभूत स्तराच्या अभ्यासक्रम आराखड्यात तैत्तिरीय उपनिषदातला पंचकोशाचा विचार घेतला आहे. वाईट काहीच नाही. शरीर, प्राण, मन, बुद्धी, आनंद असा माणसाचा एकसंध विचार करणारी चौकट मुलांच्या शिक्षणाला उपयोगीच पडेल. फेब्रुवारी २०२३ मध्ये 'जादुई पिटारा' ही खेळसाधनांची पेटी आली. खेळणी, कोडी, बाहुल्या असे सगळे तीत आहे. गिजुभाई आनंदले असते. ताराबाईंनी मात्र पेटी उघडण्याआधी एक प्रश्न केला असता असे वाटते: यातले काय तुमच्या गावात मिळत नाही? जे मिळते ते दिल्लीहून का पाठवता?

आणि पंचकोशातला पहिला कोश अन्नमय आहे. माहितीपत्रकात त्याचा अर्थ योगाची चटई आणि पौष्टिक डबा असा होतो. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणाने मुले गेली, तेव्हा कोसबादपासून ते गाव फार दूर नव्हते. अनुताई १९९२ च्या सप्टेंबरातच वारल्या. उपनिषदातला क्रम पाळायचा तर सुरुवात त्या गावापासून करावी लागेल.

ताराबाईंचा शब्द सरकारने घेतला. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू झाली आणि तिच्या केंद्राला अंगणवाडी म्हणू लागले. डहाणू तालुक्यात रुळलेला शब्द देशभर गेला, ही मराठीने देशाला दिलेली मोठीच देणगी. पण शब्द गेला आणि व्यवहार उलटा झाला. कोसबादला शाळा मुलाच्या अंगणात जात होती. आता मूल केंद्राच्या खोलीत जाते, खोली नसेल तर कोणाच्या ओसरीवर. आणि जी ताई हे सगळे चालवते तिला पगार नसतो, मानधन असते. डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविका संपावर गेल्या तो जानेवारीपर्यंत चालला. त्या काळात दिवाणखान्यांतली चर्चा पोषण आहार बंद पडल्याची होती; शिक्षण बंद पडले असे कोणी म्हटल्याचे मी वाचले नाही. त्या शिकवतात हेच आपण विसरलो आहोत.

समग्रतेची कसोटी पाहायला आणखी एक अलीकडचे प्रकरण आहे. शिक्षणहक्क कायद्याने विनाअनुदानित खासगी शाळांत २५ टक्के जागा दुर्बल घटकांना दिल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने नियम बदलला: एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला या जागांतून सूट. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. त्या पाच महिन्यांत 'वसुधैव कुटुंबकम्' फाटकावर लिहिलेल्या शाळांपैकी किती जणांनी ही सूट नको असे सांगितले? माझ्या पाहण्यात एकही निवेदन आले नाही. कुटुंब एक किलोमीटरच्या पलीकडे सुरू होत असावे.

वारली चित्रे आता अशा शाळांच्या कुंपणाच्या भिंतींवर हमखास असतात. गेरूच्या रंगावर पांढऱ्या रेषा, तारपा वाजवणारा, त्याच्याभोवती फेर धरलेली माणसे. ही चित्रकला मुळात लग्नघरातली. चौक लिहिणे हे सुवासिनींचे काम. त्यात पालघट देवी असे, आणि चौक पुरा झाल्याखेरीज लग्न लागत नसे. डहाणू तालुक्यातल्या जिव्या सोमा म्हसे यांनी ती विधीबाहेर काढून रोजची चित्रकला केली आणि ती जगभर पोचली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. वारसा जागतिक झाल्याचे याहून चांगले उदाहरण मराठी मुलखात मिळणे कठीण, आणि त्यासाठी कोणत्याही शाळेची गरज लागली नाही. शाळांनी ते चित्र भिंतीवर घेतले, कंत्राटदाराकडून, साच्याने. भिंतीच्या आतल्या हजेरीपटावर वारली आडनाव शोधावे लागते.